पैसा आणि प्रगतीच्या हव्यासावर डिजिटल चित्र करायचंय, पण सगळ्या कल्पना शिळ्या वाटतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बालगंधर्व कलादालनातल्या समूह प्रदर्शनासाठी ए२ आकाराचं चित्र करायचंय आणि डॉलरचे डोळे, मोबाइलच्या बेड्या यापलीकडे काही सुचत नाही. ते दोन्ही सोडाच. बघणाऱ्याला अर्थ आधीच पाठ असतो, तो मान डोलावून पुढे जातो. लक्ष्मीलाही हात लावू नका. वाद देवीवर होईल, पैसा बाजूला राहील.

प्रगतीची चित्रभाषा पुण्यात आयती तयार आहे: बिल्डरचं होर्डिंग. बाणेर किंवा वाकडला चार होर्डिंगांचे फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा. आकाश कायम तिन्हीसांजेचं, तरी एकूण एक खिडकीत दिवा. तलाव काठोकाठ. गाडीला नंबरप्लेट नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही, बाल्कनीत मात्र चौकोनी कुटुंब. तळाशी बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’, शेजारी महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचा) क्रमांक आणि क्यूआर कोड (ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत सक्तीचा).

हा साचा जसाच्या तसा उचला आणि एकच गोष्ट बदला. समजा, इमारतीमागे हिरवीगार टेकडी आहे आणि तळटीप म्हणते, ‘चित्रातील टेकडी दुसऱ्या टप्प्यात हटवण्यात येईल.’ बास. टँकर, धूर, भिकारी असं काही वर लादलंत की त्याचं भाषण होतं. फोटो कापून-जोडून चित्रं करणाऱ्या जॉन हार्टफिल्ड या जर्मन कलावंताने १९३२ साली हिटलरच्या सलामीच्या, मागे वळलेल्या तळहातात मागच्या धिप्पाड माणसाकडून नोटा ठेववल्या. त्यातही जोड एकच होता.

आता काम. ए२ म्हणजे ४२० × ५९४ मिमी. ३०० डीपीआयला ४९६१ × ७०१६ पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापून टाकायची जादा कड) वाढवा. १६ बिटमध्ये (८ बिटपेक्षा जास्त बारीक रंगछटा) पूर्ण भरलेला एक लेअर साधारण २८० एमबी मेमरी खातो, म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप पंधरा-वीस लेअरला धापा टाकणार. इमारत ८ बिटमध्ये रंगवा, पण आकाश वेगळ्या फाइलमध्ये १६ बिटवर करा आणि ८ बिटमध्ये आणताना १-२ टक्के नॉइज (बारीक दाणे) घाला. नाहीतर तिन्हीसांजेच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतात आणि होर्डिंगचा गुळगुळीतपणाच जातो, जो तुम्हाला हवाय.

निळा रंग हमखास दगा देतो. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) सायन १०० आणि मॅजेंटाही ९०-१०० झाला की छपाईत तो जांभळा येतो. मॅजेंटा ७०च्या आत ठेवा. इंकजेटवर आर्ट प्रिंट काढणार असाल तर सीएमवायके करूच नका. दुकानदाराकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागा आणि आरजीबी फाइल द्या. पूर्ण प्रिंटआधी आकाश आणि तळटीप दोन्ही येतील असा ए४ तुकडा मूळ मापात छापून बघा.

मजकूर क्रिटा या रंगकामाच्या ॲपमध्ये नको, इंकस्केप या व्हेक्टर ॲपमध्ये युनिकोड फाँटने लिहा. मुक्ता किंवा बलू चालेल. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरायची तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. नाहीतर नेमका ‘प्रगती’ शब्द ‘प्‌रगती’ होतो आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. छापायला देताना अक्षरं कर्व्हमध्ये (फाँटशिवाय दिसणाऱ्या आकारांत) बदला. तळटीप ९ पॉइंट, जाड वजनात: गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं त्याहून बारीक केलीत की शाई पसरून अनुस्वार बुजतात आणि सगळा विनोद त्या ओळीत आहे.

महारेराचा खरा क्रमांक चुकूनही टाकू नका, कुणाच्या तरी प्रकल्पाचा निघेल. क्यूआर कोड स्वतःचा बनवा. तो वाचण्याच्या अंतराच्या दहाव्या भागाएवढा लागतो: ३० सेंमीवरून ३ सेंमी. खऱ्या नोटेचा स्कॅनही नको. नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२खाली येतं.

फ्रेमला काच लावू नका. गडद चित्रावर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं आणि तळटीप वाचता येत नाही. मॅट कागद ५ मिमी सनबोर्डवर चिकटवा आणि चित्र नेहमीपेक्षा थोडं वर टांगा, म्हणजे तळटिपेसाठी गुडघ्यावर बसावं लागणार नाही.