‘युरोपियन’ शब्दाचे 28 हजार

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्र, गुण चांगले. पण अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं वाक्य एकच, आणि तेही तुम्ही खोडून काढायला घेतलेलं: ‘म्हणे सरफॅक्टंटवर काम करायचंय. साबणच बनवायचा तर एवढं शिकवलं कशाला?’ (सरफॅक्टंट म्हणजे डोकं पाण्याला आणि शेपटी तेलाला धरणारा रेणू. साबण त्यातलाच एक.) दुसरीकडे एका एजंटाला 28,000 रुपये द्यायला तुम्ही तयार आहात, कारण तो ‘युरोपियन’ नावाच्या जर्नलमध्ये, म्हणजे संशोधन-पत्रिकेत, 7 दिवसांत तिचा पेपर (शोधनिबंध) छापून आणणार आहे. मुलगी नको म्हणते, तर ‘तिला चार शब्द सुनवा’ असं मला सांगता. सुनवायचेच असतील तर मी तुम्हाला सुनवीन.

ती बरोबर आहे. ‘युरोपियन’ या शब्दाला मान कुठून आला, ते आधी बघा. युरोपात पूर्वी ज्याचं त्याचं, आपापल्या भाषेतलं जर्नल असे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिगने 1832 मध्ये सुरू केलेलं ‘अनालेन’, 1868 पासूनचं जर्मन ‘बेरिश्टे’, 1871 पासूनचं इटालियन ‘गाझेट्टा’. पुढे संशोधनाची भाषा इंग्रजी झाली आणि या मानाच्या पाट्या वाचकाविना पडू लागल्या. 1995 मध्ये ‘केमिस्ट्री – अ युरोपियन जर्नल’ निघालं. 1998 मध्ये तर अनेक देशांच्या केमिकल सोसायट्यांनी आपली जुनी जर्नलं एकत्र करून ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिक अशी दोन ‘युरोपियन जर्नल्स’ उभी केली. स्वतःचं शंभर-दीडशे वर्षांचं नाव पुसून घेतलेलं हे नाव आहे. पण त्या शब्दावर मालकी कुणाचीच नाही. गल्लीतल्या ‘बॉम्बे टेलर्स’ला मुंबईची परवानगी लागते का? खऱ्या जर्नलमध्ये परीक्षक लेख तपासतात, दुरुस्त्या मागतात, महिने जातात, पुष्कळदा लेख परत येतो. लेख सर्वांना मोफत वाचता यावा म्हणून चांगली जर्नलंही शुल्क घेतात, पण छापण्याची हमी विकत नाहीत. असा विकतचा पेपर पुढे मुलाखतीत कुणी उघडून वाचला, तर उत्तर मुलीला द्यावं लागेल, एजंटाला नाही.

आता साबण. साबणाच्या रेणूचं डोकं ऋणभारित असतं. जीन (जनुक) पेशीत पोचवण्यासाठी वापरतात ते सरफॅक्टंट धनभारित. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड त्याच जातीचं. डीएनए स्वतः ऋणभारित, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि त्या गाठोड्यातून जीन पेशीत शिरतो. संशोधक फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित लिपिडने (चरबीसारख्या रेणूने) हे 1987 मध्ये दाखवलं. दोन डोकी, दोन शेपट्या आणि मध्ये दुवा असलेल्या सरफॅक्टंट रेणूंना ‘जेमिनी’ म्हणतात. त्यांच्यावर केंब्रिजचे अँथनी कर्बी, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे यान एंगबर्ट्स आणि इतरांनी 2003 मध्ये ‘अँगेवांटे केमी’त मोठा आढावा लिहिला. (या जर्नलच्या नावात युरोप कुठेच नाही, हेही बघा.) अडचण अशी की कायमचा धनभार पेशींना सोसत नाही. म्हणून आम्लात गेल्यावरच धनभारित होणारे लिपिड आले. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध आणि कोविडच्या फायझर, मॉडर्नाच्या एमआरएनए (जीनचा निरोप नेणारा रेणू) लशी त्यांच्याच आधारावर उभ्या आहेत. इतकं लांब कशाला, पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. आता ‘साबण’ म्हणा.

नेट-जेआरएफ आणि गेट या परीक्षा तिने द्याव्यातच, त्याबद्दल वेगळं सांगत नाही. जर्मनी-नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी जागा असते. तिथे एमएस्सीचा प्रबंध, शिक्षकांची पत्रं आणि मुलाखत यांना वजन असतं.

पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत: ‘चुलतभावाच्या मुलाचे दोन पेपर झाले.’ खरं दुखणं तिथे आहे, आणि त्याचा इलाज मुलीच्या बायोडेटात नाही.

एजंटाला आजच नाही म्हणून कळवा. त्या पैशांतून सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने राहण्या-जेवण्याची सोय करून द्या. जागा तिची ती शोधेल, तिच्या सरांना विचारेल. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. पोस्टात टाकण्याआधी वाचायला मागू नका.