कबुतरांचा मलेरिया पोरांना लागतो का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही नंदगडजवळचे, खानापूर तालुका. मामंजींनी परसात कबुतरांची ढाबळ केलीय. पाऊस संपल्यावर दोन पिल्लं सुकून मेली, बघितलं तर पंखाखाली चपट्या माश्या, एक तर माझ्या हाताला पण चावली. शेजारच्या काकू म्हणतात कबुतराचा मलेरिया पोरांना लागतो, आता घरात रोज यावरून वाद चाललाय. ढाबळ काढून टाकू का? – एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, त्या भीतीपोटी ढाबळ काढू नका. पक्ष्यांना मलेरिया होतो हे खरंय, पण त्याचे परजीवी वेगळ्या जातीचे, ते माणसात वाढत नाहीत. आपला मलेरिया अ‍ॅनाफिलीस डास माणसाकडून माणसाकडे नेतो, पक्ष्यांचा बहुतेक करून क्युलेक्स नेतो, तोच जो गटाराच्या तुंबलेल्या पाण्यात होतो.

आता तुमच्या त्या माश्या. कबुतराचा पंख उचलला की खेकड्यासारखी आडवी पळून पिसात शिरते तीच ना? ती रक्त पिते आणि पिता पिता हिमोप्रोटिअस नावाचा परजीवी एका कबुतरातून दुसऱ्यात सोडते. हा मलेरियाच्या परजीवीचा चुलतभाऊच. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं, आपल्या पेशीत नसतं, आणि हा परजीवी त्या केंद्रकाला वळसा घालून बसलेला मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतो. मोठी कबुतरं हा परजीवी अंगात घेऊन मजेत फिरतात, त्रास होतो तो पिल्लांना. पण पिल्लं सुकायला इतर कारणंही बरीच असतात, म्हणून पुढचं पिल्लू मलूल दिसलं की जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, रक्ताची काच तपासायला सांगा, आणि मेडिकलमधून माणसाची मलेरियाची गोळी आणून अंदाजाने घालू नका प्लीज.

खरा उपाय केर काढण्यात आहे. ही माशी अंडी घालत नाही, वाढलेली अळीच टाकते, तिचा काळपट कोष घरट्याच्या केरात पडून राहतो आणि साधारण महिन्याभराने त्यातून नवी माशी निघते. दर पंधरा दिवसांनी घरट्यातला केर काढून जाळला तर पुढची पिढीच होत नाही. विष्ठा मात्र आधी पाणी शिंपडून मग लोटा, तोंडाला फडकं बांधा, पोरांना लांब ठेवा, कारण कबुतराची सुकी धूळ फुफ्फुसाला वाईट, आणि ही काळजी मलेरियापेक्षा खरी आहे.

रानातल्या पक्ष्यांतही हे परजीवी असतात, चिमण्या-कावळ्यांतसुद्धा. आपल्याकडचे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासोबत राहिलेत, म्हणून बहुतेक तगतात. हवाई बेटांवर डासच नव्हते, 1826 च्या सुमारास ते जहाजातून पोचले, मागाहून पक्ष्यांचा मलेरिया आला आणि तिथल्या रानपक्ष्यांच्या कित्येक जाती संपल्या, फार वाईट झालं ते. आणि मलेरिया डास चावल्याने होतो हे 1898 साली रोनाल्ड रॉस यांनी कलकत्त्यात पक्ष्यांवरच सिद्ध केलं, निरोगी चिमण्यांना डास चाववून, त्यासाठी 1902 चं नोबेल मिळालं. आपण या पक्ष्यांचं देणंच लागतो ताई.

पोरांना थंडी वाजून ताप आला तर कबुतराला दोष देत दिवस घालवू नका, लगेच सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.