उद्योजकता शिकवायचीय? मुलांना आधी एक दरपत्रक करायला द्या

ताई, तुम्ही विचारलंय की आठवी-नववीसाठी ‘नेतृत्व आणि उद्योजकता’ असा उपक्रम सुरू करायचाय, आठवड्याला एक जोडतासिका मिळालीय, पैसे फारसे नाहीत. तर बाहेरून वक्ते बोलवावेत की एखादी तयार पुस्तिका घ्यावी? गावातल्या हायस्कुलात बरीच वर्षं कार्यशाळा सांभाळतोय, त्यावरून सांगतो. दोन्ही नको. मुलांना एक खरं काम द्या. त्याचं गिऱ्हाईक खरं असावं आणि त्याचे पैसे कुणीतरी मोजून देणार असावं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी तो सुरू केला. शाळा अर्धवट सोडलेली मुलं तिथे राहून वर्षभर अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांत काम करतात. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती लोकसेवेची अट. मुलांनी शिकलेलं काम गावाला द्यायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा. फुकट दिलेल्या स्टुलाचा पाय डगमगला तर कुणी बोलत नाही. पैसे मोजलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन शाळेच्या दारात उभा राहतो. ती तक्रार ऐकून घेणं, पाय पुन्हा जोडून देणं आणि त्याचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरवणं हे व्याख्यानातून शिकवता येत नाही. यातूनच पुढे शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, आणि शिकवायला गावातलेच कारागीर.

आता तुमच्या शाळेचं. बहुतेक ठिकाणी बाल आनंद मेळावा होतोच. मुलं घरून वडापाव, भेळ आणतात, संध्याकाळी वहीत ‘नफा चारशे रुपये’ लिहितात. पण तेल, बेसन आईच्या डब्यातलं, मेहनत आईची, गॅस घरचा. तो नफा नव्हेच. मुलांना चुकीचा हिशेब शिकवायचा आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे मला मनापासून खटकतं.

त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की घ्या. आमच्याकडचे आकडे सांगतो, तुम्ही तुमच्या बाजारभावाने बदला. शेंगदाणे एक किलो १४० रुपये, गूळ पाऊण किलो ४५, तूप १५, पिशव्या आणि लेबलं ३०. मुलं बेरीज करतात, २३०. विचारा, गॅस? मग २० वाढतात, २५० होतात. भाजून सालं काढली की दाणे घटतात, थोडा पाक कढईला चिकटतो, वड्यांच्या कडा तुटतात. हाती साधारण १ किलो ६०० ग्रॅम येतं, म्हणजे शंभर ग्रॅमच्या १६ पिशव्या. एक पिशवी साडेपंधरा रुपयांच्या वर पडली. दुकानात तेवढीच पिशवी २० ला मिळते, म्हणून तुम्हीही २० लावली. ३२० आले, ७० उरले. वर्ग खूश होतो. मग शांतपणे विचारा, चौघांनी दोन-दोन तास काम केलं, त्याची मजुरी कुठेय? सत्तर भागिले आठ. तासाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत.

इथे थांबा आणि उत्तर देऊ नका. मोठी कढई आणली तर तेवढ्याच वेळात दुप्पट माल निघेल का? शेंगदाणे मार्केट यार्डातून पाच किलो घेतले तर? कडांचा चुरा लाडवात घालता येईल का? हे प्रश्न मुलंच काढतात, अगदी गणिताला घाबरणारीसुद्धा. (बाहेर दुकानात विकायची वेळ आली तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. तो अर्जही मुलांकडूनच भरून घ्या.)

नेतृत्वाचा वेगळा तास ठेवू नका. प्रत्येक कामाला एक कामप्रमुख, एक भांडार, एक हिशेब, एक सुरक्षा अशी नेमणूक करा आणि काम बदललं की माणसं बदला. हुशार मुलांनाच प्रमुख करायचा मोह टाळा. आमच्याकडे वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीकडे भांडाराची वही होती. पहिल्या नंबरचा मुलगा दुसरा मेजर टेप मागायला आला, तर तिने वही पुढे केली, त्याच्या नावावरच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आधीचा जमा कर.” तो मुकाट्याने शोधायला गेला. पुढच्या सत्रात त्याच मुलीने ग्रामपंचायतीत जाऊन बाकांच्या दुरुस्तीचं दरपत्रक समजावून सांगितलं.

पालक विचारतील, मुलांकडून कामं करून घेताय का? प्रश्न रास्त आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या शिक्षणाची, मांडणी झाली, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता. आमचा नियम साधा आहे. कामात शिकण्यासारखं काही उरलं नाही की ते काम बंद. तीच वस्तू शंभर वेळा करून घ्यायची नाही. पैशांचा हिशेब पालकसभेत मुलांनीच वाचायचा. यंत्रावर निदेशक (काम शिकवणारा) उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही, गॉगल आणि बंद बूट हवेतच, चालू वीजप्रवाहावर काम अजिबात नाही.

शिकवायला गावातला वेल्डर, वायरमन, शिंपीणताई यांना अर्ध्या दिवसाचं मानधन देऊन बोलवा. त्यांच्याकडे बी.एड. नसलं तरी गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, उधारी कशी वसूल करायची हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सुरुवात शाळेतल्याच मोडक्या बाकांपासून करा. मुलांना मोजमाप घेऊ द्या, चित्र काढू द्या, गावातल्या दोन दुकानांतून साहित्याचे भाव आणू द्या आणि मुख्याध्यापकांच्या नावे दरपत्रक लिहू द्या. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी ते एकदा तरी परत पाठवायचं, भाव जास्त वाटतो म्हणून. शाळेत थ्री फेज वीजजोडणी आहे का आणि वेल्डर किती लांब आहे ते कळवा, मग पहिल्या सत्रात कोणती कामं घ्यायची ते नीट सुचवतो.