केटररने ऐनवेळी दर वाढवला, विसार बुडणार का?

प्रश्न : धाकट्या बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं आहे. केटररशी 350 पानांचं, 260 रुपये पान या दराने ठरलं. त्याने वहीच्या कागदावर मेनू आणि दर लिहून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. मी यूपीआयने 30,000 रुपये विसार दिला. आता तो म्हणतो, तेल महागलं, वाढपी मिळत नाहीत, पानाला 310 द्या. नाहीतर दुसरा बघा, विसार परत मिळणार नाही. करारपत्र नाही. काय करू? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी एक काम करा. फोनवर किंवा मेसेजमध्ये ‘मग राहू दे, आम्ही दुसरा बघतो’ असं म्हणू नका, आणि ‘ठीक आहे, बघू’ असंही म्हणू नका. पहिल्या वाक्याने करार तुम्ही मोडला असं तो म्हणेल आणि विसार जप्त करायला त्याला निमित्त मिळेल. दुसऱ्याने वाढीव दर तुम्ही मान्य केला असं दाखवता येईल. काढता पाय घेणारा तो आहे, तर ते त्याच्याच तोंडून येऊ द्या.

स्टॅम्पपेपर नाही म्हणून करार नाही, ही समजूत मनातून काढून टाका. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे तोंडी ठरलेलंही बंधनकारक असतं. तुमच्याकडे तर त्याच्या हातचा कागद आहे : मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा, खाली ‘350 × 260’. शिवाय पैसे गेल्याची बँकेतली नोंद आहे. माल महागला, नफा घटला, एवढ्यावरून ठरलेला दर एकतर्फी बदलता येत नाही. तुमची संमती नसेल तर दर 260च.

आज त्याला साधा मेसेज करा : ‘350 पानं, 260 रुपये दर, 30,000 विसार पोचला, असं आपलं ठरलं आहे. त्याप्रमाणे काम करणार आहात ना, हे उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. नकार दिलात किंवा कळवलं नाहीत, तर तुम्ही करार मोडला असं धरून मी दुसरी सोय करेन आणि विसारासह जादा खर्च तुमच्याकडून वसूल करेन.’ हाच मजकूर स्पीड पोस्टनेही पाठवा. मूळ चॅट पुसू नका, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या.

तो नाही म्हणाला तर विसार परत मिळायलाच हवा. वर, दुसऱ्या केटररला वाजवी दराने जादा द्यावं लागलं तर तो फरकही करार कायद्याच्या कलम 73 खाली मागता येतो. समजा नवा 300 रुपयांत तयार झाला. 350 पानांचे 14,000 जादा झाले, म्हणजे मागणी 44,000 रुपयांची. फक्त त्या निमित्ताने मेनू वाढवू नका. दोन गोडं घालून 400 रुपये पान केलंत, तर तो फरक ग्राहक तक्रार आयोग त्याच्या माथी मारणार नाही.

मुहूर्ताआधी निकाल लागेल अशी आशा मात्र धरू नका. तारीख जवळ आहे आणि दुसरा कोणी मिळतच नसेल, तर वाढीव दर देऊन लग्न पार पाडा, पण पैसे देण्याआधी लिहा : ‘नाइलाजाने, हक्क राखून देत आहे.’ ही ओळ नंतर फार उपयोगी पडते. बहिणीच्या लग्नात पंगत अडू नये, हे मलाही तुमच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

लग्नानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, केटरर परजिल्ह्यातला असला तरी. तुमच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मनस्तापाची भरपाईही मागा. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच तडजोड होते.

आता नवा केटरर. मंगल कार्यालयात बाहेरचा केटरर चालतो का, त्याचे वेगळे पैसे घेतात का, हे त्यांच्या पावतीवर आधी वाचा. केटररकडे एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक मागा. देताना चाचरला तर पुढचा गाठा. दरात जीएसटी, भांडी, वाढपी, पिण्याचं पाणी धरलं आहे का, तेही लिहून घ्या. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती पानांच्या मोजणीवरून. किमान किती पानांचे पैसे द्यायचेच, त्याच्या वर गेलं तर कोणत्या दराने, आणि उष्टी ताटं कोण मोजणार, हे कागदावर आणा. मोजायला तुमच्याकडचा एक माणूस शेवटच्या पंगतीपर्यंत उभा करा आणि तिथेच दोघांच्या सह्या घ्या. विसार थोडाच द्या, बाकीची रक्कम जेवणं उरकल्यावर.