निराधार योजनेतून अर्ज फेटाळला, तरी बाकीचं शिल्लक आहे

ताई, मुलगा २२ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व ६५ टक्के, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड हातात, तरी संजय गांधी निराधारचा अर्ज उत्पन्नावर उडाला. तो उडणारच होता. दिव्यांगासाठी तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,०००च्या आत लागतं आणि तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत. उत्पन्नाचा दाखला ‘करून देणारे’ भेटतील, नादी लागू नका.

पण ‘मग आम्हाला काहीच नाही का?’ असं विचारलंत, तर आहे. सगळेच लाभ गरिबी बघून मिळत नाहीत. आयकरातली घरच्या दिव्यांगासाठीची ७५,०००ची वजावट (८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख), जिला ८०डीडी म्हणतात, ती दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर मिळते, खर्चाच्या पावत्या मोजत नाहीत. मात्र जुनी करप्रणाली घेतली तरच. रेल्वेत स्लीपर, थ्री एसीला ७५ टक्के सवलत, सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा लाखापर्यंतचा आहे, त्याला आधी वैद्यकीय तपासणी नाही. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, म्हणून तो आधी काढा.

खरं मोठं प्रकरण कुटुंब निवृत्तिवेतनाचं. मिस्टर नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेत म्हणता, म्हणजे जुनी पेन्शन. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ती आईवडिलांच्या पश्चात हयातभर मिळू शकते, वयाची मर्यादा त्याला नाही. याबद्दल तहसीलच्या खिडकीवर कुणी बोलत नाही, कारण ते त्यांचं कामच नाही. ते मिस्टरांच्या कार्यालयातल्या आस्थापना शाखेचं.

आमच्या बाबांनी माझ्या दिव्यांग भावाचं नाव नोंदवलंच नव्हतं. आई गेल्यावर मी दोन वर्षं खेटे घातले. एका टेबलावर त्याच्या लग्न न झाल्याचा पुरावा मागितला, दुसऱ्यावर त्याची सही. भाऊ पेन धरतो, पण कागदावर गोल गोल काढत बसतो. शेवटी अडलं ते पालकत्वावर. अठरा पूर्ण झाली की अशा मुलासाठीही आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तुमचा मुलगा २२चा, म्हणजे तुम्हालाही ते लागणारच.

तेव्हा मिस्टरांना सांगा, कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व दोन्ही लिहून घ्या, सोबत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत लावा, आणि आवक क्रमांक पडलेली पोच घरी आणा. नुसतं ‘साहेबांना सांगितलंय’ चालणार नाही.