सोने गहाण ठेवण्याआधी ती पॉलिसी बाहेर काढा

कोल्हापूरचे एक वाचक लग्नांचे चित्रीकरण करून घर चालवतात आणि गेले दोन हंगाम बीडहून येणाऱ्या ऊसतोड कामगारांवर 28 मिनिटांचा माहितीपट करीत आहेत. चित्रीकरण संपले आहे. संकलनापासून पुढच्या कामासाठी 4 लाख रुपये हवे आहेत. आईची मुदत ठेव मोडावी की पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे : ‘अनुदानाचे पैसे खात्यात पडून होते, म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून हमी परताव्याची पॉलिसी घेतली आहे, तिचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल, पण आधी या वाक्याकडे पाहू. एका संस्थेने माहितीपटासाठी 5 लाख मंजूर केले आणि त्यातले 3.5 लाख दिले. त्यातून पहिल्या हंगामावर 1.5 लाख खर्च झाले आणि उरलेले 2 लाख दोन हप्त्यांत पॉलिसीत गेले. दुसऱ्या हंगामाचे 1 लाख तुम्ही लग्नांच्या मिळकतीतून घातले. म्हणजे आज जी तूट दिसते, तिचा मोठा भाग माहितीपटाच्या खर्चाने नव्हे, तर त्या पॉलिसीने पाडला आहे. तुमच्या माहितीपटातला कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, हंगामाआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि ती फेडत राहतो; तुम्ही कामासाठी मिळालेली उचल भलत्याच मुकादमाच्या हाती देऊन बसलात.

अनुदानाचे पैसे खात्यात ‘पडून’ नसतात, ते कामाची वाट पाहत असतात. उरलेले 1.5 लाख संस्था कच्चे संकलन आणि सनदी लेखापालाचे उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पाहून देणार आहे, आणि त्या प्रमाणपत्रात विम्याचा हप्ता कोणत्याही शीर्षकाखाली बसत नाही. तुमच्याकडे चित्रीकरणाची 2.5 लाखांची बिले आहेत हे नशीब. तरी संस्थेला आजच लेखी कळवा की 2 लाख चुकून दुसरीकडे गेले आणि ते अमुक तारखेपर्यंत माहितीपटावर खर्च होतील. लेखापालाच्या तपासणीत हे उघड होण्यापेक्षा तुम्ही आपणहून सांगितलेले बरे.

आता पॉलिसीचा हिशेब. वर्षाला 1 लाख, दहा वर्षे भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी 17 लाख मिळायचे. साहेबांनी याला ‘सत्तर टक्के नफा’ म्हटले. वार्षिक दर काढला तर तो जेमतेम 5 टक्के भरतो. हेच हप्ते याच काळात पीपीएफमध्ये गेले असते, तर आजच्या 7.1 टक्के दराने सुमारे 21 लाख झाले असते, आणि एखाद्या वर्षी लग्ने कमी झाली तर 500 रुपये भरूनही खाते चालू राहिले असते. ज्याची मिळकत लग्नसराईवर चालते, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा ठरीव हप्ता बांधणे हा सल्ला नव्हे, ती विक्री आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रस्तावपत्राच्या प्रतीत तर तुमचे वार्षिक उत्पन्न 12 लाख लिहिले आहे. तुमचे प्राप्तिकर विवरणपत्र 4.2 लाख सांगते. आकडा साहेबांनी भरला, सही तुमची आहे.

पॉलिसी नको असल्यास परत करण्याचे, फेरविचाराचे 30 दिवस कधीच उलटून गेले. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान 30 टक्के, म्हणजे 60,000 रुपये परत मिळतात. विशेष सरेंडर मूल्य याहून अधिक असू शकते, त्यामुळे कंपनीकडून आकडा लेखी घ्या. सोबत त्या 12 लाखांच्या नोंदीवर बोट ठेवून कंपनीकडे तक्रार करा आणि दाद न मिळाल्यास पुण्यातील विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही. पूर्ण पैसे परत येतील असे मी म्हणणार नाही आणि पुढचा हिशेबही 60,000 धरूनच करतो. बुडालेल्या रकमेच्या लोभाने आणखी आठ लाख भरू नका. त्या पॉलिसीत 10 लाखांचे विमा कवच आहे. पत्नी आणि तीन वर्षांच्या मुलीसाठी ते पुरेसे नाही. 1 कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) आणि घराचा आरोग्य विमा मिळून वर्षाला साधारण 35,000 रुपयांत बसेल. टर्म विमा मंजूर झाल्यावरच जुने कवच सोडा.

अपेक्षांबद्दलही बोलले पाहिजे. ‘ओटीटीवाले 15 लाखांना घेतील’ हे तुम्ही कशावरून धरले? 2023 मध्ये ऑस्कर मिळालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’चे उदाहरण सगळेच देतात; त्यामागे नेटफ्लिक्स आणि नावाजलेली निर्मितीसंस्था होती. एकट्या दिग्दर्शकाचा अर्ध्या तासाचा माहितीपट विकत घेणारे गिऱ्हाईक विरळा. माहितीपटांसाठीचा मुंबईचा ‘मिफ’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सवही दोन वर्षांनी एकदा भरतो. माहितीपटातून येणारी रक्कम हिशेबात शून्य धरा.

तुमच्या 4 लाखांत महोत्सवांच्या प्रवेशशुल्काचे 80,000 आणि पोस्टर-प्रसिद्धीचे 70,000 आहेत. तीस महोत्सवांऐवजी सात-आठ निवडा आणि पोस्टर मित्राकडून करून घ्या. दोन्ही मिळून 30,000 पुरतील. ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण, संगीत, उपशीर्षके आणि प्रदर्शनाची प्रत यांचे 2.5 लाख मात्र कमी करू नका. कोयत्याचा आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज नीट आला नाही तर बाकी सारे फुकट. म्हणजे गरज 2.8 लाखांची. तिसऱ्या हप्त्यासाठी ठेवलेले 1 लाख, सरेंडरचे 60,000 आणि संस्थेचे 1.5 लाख मिळून 3.1 लाख होतात. अडचण वेळेची आहे, कारण संस्थेचे पैसे शेवटी येतील. तेवढ्यापुरते बँकेकडून 1.2 लाखांचे सोनेतारण कर्ज घ्या. 10 टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज 6,000 रुपये होईल आणि अनुदान आले की दागिने घरी येतील. आईच्या ठेवीला हात लावू नका.

तिसरा हप्ता 14 तारखेला खात्यातून आपोआप वळता होणार आहे. ती सूचना या आठवड्यात बँकेत जाऊन लेखी रद्द करा आणि पोच घ्या.