मेसेज 'केला', 'टाकला' की 'पाठवला'?

प्रश्न असा: कथेतली पात्रं व्हॉट्सॲपवर बोलत असतील तर 'म्हणाला' चालेल का? आणि मेसेज 'केला', 'टाकला', 'पाठवला' यांत फरक काय?

'म्हणाला' चालतं. 'पत्रात बाबा म्हणतात' असं आपण पूर्वीपासून लिहितो. घोटाळा होतो तो पात्र समोरच्याशी तोंडाने आणि दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलत असताना. तिथे फोनवरच्या मजकुराला 'लिहिलं' वापरावं. सलग चॅट असेल तर क्रियापदच नको: नाव, अपूर्णविराम, मजकूर, आणि ओळ थोडी आत. तिरपा टाइप टाळलेला बरा. बहुतेक देवनागरी फाँटांत वेगळी तिरपी अक्षरं नसतात, सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच कलती करतं आणि जोडाक्षरं वाचायला जड जातात.

आता क्रियापदं. 'पोचलीस की मेसेज कर' यात मजकूर गौण, संपर्क महत्त्वाचा. 'पाठवणे'त काहीतरी नेमकं जातं: पत्ता, फोटो, लोकेशन. 'टाकणे'ला बहुधा जागा लागते, ग्रुपवर किंवा स्टेटसला. एकट्या माणसालाही मेसेज टाकतात, पण त्यात 'दोन ओळींचं पत्र टाक' म्हणतानाची घाई असते. मेसेज माणसाचा 'येतो', ग्रुपवर 'पडतो'. कथालेखकाने हे फरक जपावेत, कारण ते फुकटात स्वभाव सांगतात. 'वडील गेल्याचं धाकट्याने कळवलं' आणि 'वडील गेल्याचं धाकट्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. भावंडांमधलं अंतर दुसऱ्या वाक्यात आपोआप येतं, वेगळा परिच्छेद लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या 'मिळाला' या शब्दात. पत्राच्या कथेत 'मिळालं' म्हटलं की भागायचं. इथे तीन वेगळ्या घटना आहेत: गेला (एक करडी टिक, म्हणजे सर्व्हरपर्यंत), पोचला (दोन करड्या, म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत किंवा त्याने जोडलेल्या दुसऱ्या उपकरणापर्यंत), वाचला (दोन्ही निळ्या, ही सोय 2014 पासूनची). त्यामुळे 2012 साली घडणाऱ्या कथेत ब्लू टिक दाखवू नये. नायकाचा फोन बंद असेल आणि त्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या उपकरणावर जोडलेलं नसेल तर त्याला गेलेल्या मेसेजवर दोन टिक येणार नाहीत. ग्रुपमध्ये टिक निळी होते ती सगळ्यांनी वाचल्यावरच, एका काकूने वाचून होत नाही. 'सगळ्यांसाठी डिलीट' केलेल्या मेसेजच्या जागी तो डिलीट झाल्याची ओळ उरते, तेव्हा 'मेसेज नाहीसा झाला' हेही चूक.

उलट बाजूही आहे. नोटिफिकेशनमध्ये मजकूर वाचला आणि चॅट उघडलं नाही, किंवा सेटिंगमध्ये वाचल्याची खूण बंद ठेवली, तर वाचूनही टिक करडीच राहते. म्हणून कथा पाठवणाऱ्याच्या नजरेतून चालली असेल तर 'तिने वाचला नाही' असं लिहू नये. 'ब्लू टिक आली नाही' एवढंच लिहावं.